सोसायटीच्या फळ्यावर महाराष्ट्राचा दिनविशेष: जयंती-पुण्यतिथी सोडून काय लिहावं?

नौपाड्याचा फळेवाला

मंडळी, नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, पत्रपेट्यांच्या वर एक काळा फळा आहे. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद, तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण, एवढ्यापुरताच तो होता. निवृत्त झाल्यावर त्याचा वरचा अर्धा भाग मी बळकावला. सकाळी दूध आणायला उतरलो की तिथे दिनविशेष लिहितो. अट एवढीच: घटना महाराष्ट्रातली हवी आणि चार ओळींत बसली पाहिजे. पाचव्या ओळीपासून सेक्रेटरींची थकबाकीदारांची यादी सुरू होते, तिथे अतिक्रमण खपवून घेतलं जात नाही.

तयार याद्यांना मी कंटाळलोय. कुठलीही उघडा, निम्म्या जयंत्या आणि निम्म्या पुण्यतिथ्या. माणूस जन्मला आणि गेला, मधे त्याने काय केलं ते कुणी सांगत नाही. मला घडलेलं हवंय, आणि जमेल तितकं ठाणे-नवी मुंबईला खेटून असलेलं.

१६ एप्रिल १८५३ अर्थातच आहे. शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ३४ किलोमीटरचा प्रवास करून ती आपल्या ठाण्याला आली. ही तारीख लिहिली की पोरंसोरंही थांबून वाचतात. लिफ्टशी उभा असलेला एक डिलिव्हरीवाला मुलगा म्हणाला, ‘काका, तेव्हापण गर्दी होती?’ म्हटलं, नाही रे, सगळे बसून आले होते. त्याचा विश्वास बसला नाही.

१ मेला १९६० लिहावंच लागतं. त्यात गंमत म्हणजे रेल्वे ठाण्याहून पुढे कल्याणला गेली तीही १ मेलाच, १८५४ साली. आणि जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला १ मे १९६२ ला. एका दिवसात इतकं, आणि ओळी चार!

१ ऑगस्टची तऱ्हाही तीच. १९२० साली त्याच दिवशी टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यामुळे १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन पालघर वेगळा झाला, हे फळ्यावर कधी चढतच नाही. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा लोकसंख्येत देशात पहिला होता. आता नाही. निदान आपल्या फळ्यावर तरी याची नोंद हवी, असं माझं ठाम मत आहे.

तर गाळलेल्या जागा भरा. दुसरं म्हणजे शिवजयंतीला आमच्याकडे दरवर्षी तारीखवाले आणि तिथीवाले भिडतात. फळा माझ्या ताब्यात, म्हणून दोघेही माझ्यावरच येतात. त्यांना काय सांगू?

उलवेकर

काका, नवी मुंबईचा दिनविशेष म्हटलं की सगळे १७ मार्च १९७० लिहितात, सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं तो दिवस. आमच्याकडे तारीख विचाराल तर १६ आणि १७ जानेवारी १९८४. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली. भाताची शेतं, मिठागरं, सगळंच. दर इतका कमी होता की पैसे घेतले त्यांच्याही हातात फार काही उरलं नाही. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले, लोक रस्त्यावर आले, दास्तान फाट्याला आणि दुसऱ्या दिवशी नागाव फाट्याला गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. आज गावोगावचे लोक साडेबारा टक्क्यांचे भूखंड म्हणतात ना, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा हिस्सा विकसित करून परत, त्या मागणीला रक्त लागलंय.

आमच्या घरात त्या दिवशी संध्याकाळी चूल पेटली नव्हती, असं आजी सांगायची. आजोबा पायाला कापड बांधून चिखलातून परत आले. काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त बैलांना पेंढा टाकला आणि ओट्यावर बसून राहिले. अजूनही १६ जानेवारीला जासईला लोक जमतात. दोन दिवस आधी संक्रांत असते, तुमच्या फळ्यावर तेव्हा पानिपत असणार. त्याच आठवड्यात हेही लिहा.

आणि उरणचंच आणखी एक: २५ सप्टेंबर १९३०, चिरनेरचा जंगल सत्याग्रह. अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले. मुंबईच्या इतक्या जवळ, पण मुंबईत विचाराल तर दहातल्या नऊ जणांना चिरनेर कुठे ते ठाऊक नसतं.

जेलच्या भिंतीशेजारचा

मी कारागृहाच्या मागच्या बाजूला वाढलो, म्हणून माझी यादी भिंतीपासून सुरू होते. मध्यवर्ती कारागृह म्हणजेच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांचा होता, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी हल्ला करून घेतला.

तुम्ही १६ एप्रिलला रेल्वे लिहिता, तर तीनच दिवसांनी १९ एप्रिल येते. १९१० साली त्या दिवशी या जेलमध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. रेल्वेच्या वाढदिवसाला स्टेशनात हारतुरे होतात. तीन दिवसांनी इथल्या सिडको बसस्टॉपवर उभ्या असलेल्यांतल्या किती जणांना कळतं की समोरच्या भिंतीआड काय झालं होतं?

जरा हलकं हवं असेल तर १२ सप्टेंबर १८१६ घ्या. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाबद्दल इथे कैदेत होता. पहारा गोऱ्यांचा, म्हणजे मराठी कुणालाच येत नव्हतं. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच पळण्याचा बेत कळवायचा, असं सांगतात. गोरे पहारेकरी ऐकत उभे! त्रिंबकजी पसार. ही मात्र चार ओळींत बसवून दाखवाच.

पंचांगवाला

शिवजयंतीचं भांडण सोडवायला जाऊ नका, फक्त तिथी आणि तारीख दोन्ही लिहा: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, आणि १९ फेब्रुवारी १६३०. पण ही १९ फेब्रुवारी जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेकाचंही तेच: ६ जून १६७४ ही इंग्रज तेव्हा वापरत त्या पद्धतीची तारीख, आजच्या हिशेबाने १६ जून. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. पोर्तुगीजांनी ते १५८२ मध्येच बदललं होतं. त्यामुळे चिमाजीअप्पांपुढे पोर्तुगीजांची वसई शरण आली, तो दिवस एकीकडे ५ मे १७३९ दिसतो आणि दुसरीकडे १६ मे. दोन्ही खरे. सोसायटीत हे सांगितलंत तर तिसरा पक्ष तयार होईल एवढं लक्षात ठेवा.

पानिपतचं १४ जानेवारी १७६१ नव्या पद्धतीचंच आहे, पण त्या वर्षी संक्रांत तीन-चार दिवस आधी होऊन गेली होती. ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत’ असं लिहू नका. तिथी पौष शुद्ध अष्टमी.

नौपाड्याचा फळेवाला

उलवेकर, १६ जानेवारी पक्की. ती चार ओळींत बसणार नाही, त्या दिवशी सेक्रेटरींशी भांडून खालची जागा घेतो. आजीची चूल लिहू का? नाव घालणार नाही.

जेलवाले, मोतद्दाराचं गाणं मला माहीत नव्हतं, झकास. आणि माझ्याकडून एक तारीख: ९ मे १९९२, मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला पोचली. मी तेव्हा तुर्भ्याला कामाला होतो. त्याआधी दोन बस बदलून, पुलावर अडकत जायचो. नवी मुंबई खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली असं मला वाटतं. उलवेकरांना पटणार नाही, ते बरोबरच आहे.

उलवेकर

चूल लिहा. पण सांगितलं आजीने, हेही लिहा.

दादरहून ठाण्याला आलेली

२९ फेब्रुवारी विसरू नका. जयंत्या नकोत म्हणालात, तरी ही एक घ्याच: मोरारजी देसाई, १८९६. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री हेच, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचा आकडा पुढे १०६ वर पोचला. माझे वडील गिरणीत होते आणि त्या मोर्चात होते. दर लीप वर्षी म्हणायचे, ‘बरंय, यांचा वाढदिवस चार वर्षांनीच येतो.’ पुढचा २०२८ ला, मंगळवारी.