रिझर्व्हवर टाकली की गाडी बंद

गुहागर: बाबांची १९९२ची टू-स्ट्रोक दुचाकी पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली होती. पहिल्या किकला सुरू होते, पण रिझर्व्हवर घेतली की घाटीत भकभक करून बंद. कार्ब्युरेटरच्या वाटीत तांबडा चिखल. मेकॅनिक म्हणतो टाकीच बदला. बाबा ऐकतील होय?

देवगडकर: रिझर्व्ह तळातलं पेट्रोल ओढतं, पाणी-गंज तिथेच बसतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलातलं इथेनॉल ओल शोषतं. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची (नळाची) जाळी बघा आधी.

वेंगुर्ला: टाकी बदलू नको रे! व्हिनेगर भरून रात्रभर ठेव, सोड्याच्या पाण्याने धू, उन्हात खडखडीत सुकव, लगेच टू-स्ट्रोक ऑइल फिरव. नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस. आणि ती ताडपत्री फेक, आत घाम धरतो.

गुहागर: जाळी काढली, निम्मी कुजलीय. व्हिनेगर आणलंय, आई विचारतेय, लोणचं कसलं?