अनुभव धागा: देवाच्या घरातलं आपल्या हातचं छोटं काम

योहानाच्या शुभवर्तमानातल्या त्या मुलाकडे जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. जव म्हणजे गरिबाघरचं धान्य. प्रभूने तेच हाती घेतलं, आणि सगळे जेवल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्या भरणारे हातही सेवेतलेच. पुण्यातल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, अशी कामं करणाऱ्यांनी इथे लिहावं. साक्ष, म्हणजे देवाने काय केलं याचा अनुभव, नको; रीत लिहा: किती घ्यायचं, कसं करायचं, कुठे बिघडतं.

रास्ता पेठेतून
उपासनेनंतरचा चहा. लहान 100 कपांसाठी पाच लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, 200 ग्रॅम चहा पावडर, पाऊण किलो साखर, 100 ग्रॅम आलं. आलं ठेचून पाण्यातच पावडरीबरोबर चांगलं उकळून घ्या. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटतं, आणि ऐनवेळी पाच लिटर दूध कुठून आणणार? दूध वेगळं तापवून मग ओतायचं. साखर घालण्याआधी 15-20 कप बाजूच्या किटलीत काढा. मंडळीत मधुमेहाचे बरेच असतात आणि ते संकोचाने मागत नाहीत. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत भांडी वाजू देऊ नका.

खडकीहून
पेटी वाजवणाऱ्यांसाठी. पट्टी आपल्या गळ्याची नको, मंडळीची धरा. स्त्री-पुरुष एकत्र गाणार असतील आणि चाल वरच्या षड्जापर्यंत जात असेल तर काळी एक पुरे. काळी चार-पाच धरली की दुसऱ्या कडव्याला फक्त गायनमंडळ ऐकू येतं. पहिली ओळ पूर्ण वाजवा, एक श्वास थांबा, मग उचला. शब्द ऐकू यायला हवेत, म्हणून भाता हलका ठेवा. तबलजी शेजारीच बसू दे. लय चढायला लागली की नजरेने आवरता येते.
पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल धरली की पट्ट्या फुगून अडकतात आणि सूर दबतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यात दोनदा तरी दहा मिनिटं वाजवा. उन्हात मात्र कधीच ठेवू नका, लाकूड तडकतं.

वानवडीहून
वेदीवरची पांढरी कापडं. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा डाग पडला की बहुतेक जण आधी धुण्याची वडी घासतात, आणि डाग निळसर राखाडी होतो. द्राक्षाचा रंग क्षारात निळा पडतो, म्हणून. आधी थंड पाण्याखाली कापडाच्या उलट बाजूने धार सोडा, मग लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पंधरा मिनिटं ठेवा, पुन्हा खळबळा. साबण सगळ्यात शेवटी. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर तो कायमचा बसतो.
मेणाचा थेंब पडला तर कापड फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झालेलं मेण बोथट पट्टीने उडवा, उरलेलं खाकी कागदात धरून कोमट इस्त्रीने शोषून घ्या. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते.

खडकीहून, पुन्हा
वानवडीच्या ताईंना एक जोड: कॅथलिक चर्चमध्ये पवित्र प्याला पुसलेल्या कापडाचं पहिलं पाणी गटारात जात नाही, थेट जमिनीत मुरेल असं ओततात. नवीन माणसाला हे कापड हातात देतानाच सांगा.

हडपसरहून
अर्पण मोजणं. दोघांनी मोजायचं, आणि ते दोघं एका घरातले नसावेत. उपासना संपली की व्हेस्ट्रीतच (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत), त्याच दिवशी. नोटा आणि नाणी वेगळी मोजा, पाकिटावर लिहिलेली रक्कम आतल्या रकमेशी ताडा, वहीत दोघांच्या सह्या, आणि बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरणा. मंडळीत संशय शिरतो तो बहुतेकदा ‘एकट्याने मोजलं’ इथूनच. प्रामाणिक माणसाचंही नाव त्यात खराब होतं. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, प्रभूच्या नजरेतून सुटल्या नाहीत, म्हणून रुपयाचं नाणंही नोंदीतून सुटू नये.

येरवड्याहून
अक्षर चांगलं असणाऱ्यांना काम नाही असं समजू नका. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलाचे छपाईचे खिळे जुळवले ते तिथल्या मुली-बायकांनी. आज वृद्धांसाठी त्या रविवारची गीतं मोठ्या अक्षरात काढून द्या: टाइप 20 पॉइंटच्या खाली नको, एका पानावर एकच गीत, कडवं पानाच्या मध्ये तुटू देऊ नका. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडून अक्षर दिसत नाही. छापण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं बिघडलेली तेव्हाच सापडतात, विशेषतः जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात.

रास्ता पेठेतून, पुन्हा
आणि हे कागद उपासनेआधी दारात वाटा, बाकावर ठेवू नका. पंख्याने उडतात.