दारं उघडली तरी पायरी उरते

'कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात काढलेली असतात, मग माशांना अडतंय कुठे?' असं म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटला. दारं निघतात, पण तळाचं काँक्रीट तिथेच राहतं. आमच्या गावाजवळ पांझरा नदीवर असाच एक बंधारा आहे. खालच्या अंगाची वाळू-मुरूम पुरात वाहून गेली आणि कंबरभर उंचीची सरळ पायरी तयार झाली. पहिल्या पुराला तिथे उभं राहून बघा, चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणारे मासे उसळी घेतात, काँक्रीटवर आदळतात, परत खाली पडतात. लोक तिथेच जाळी लावून बसतात. अंडी घालायला निघालेली मादी टोपलीत जाते, फार जीव तुटतो.

अमेरिकेत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या ओढ्यांवर रस्त्याखालच्या पायपांचं हेच होतं, पायपाचं तोंड पाण्याच्या वर लटकत राहतं. मोठा ट्राउट उडी मारून जातो, पिल्लं अडकतात. आपल्याकडचे वाम, मुरी हे मासे तर ट्राउटसारखी उडी मारणारे नाहीतच. त्यांना तळाशी सरपटायला खडबडीत उतार लागतो. म्हणून मासे टप्प्याटप्प्याने वर चढावेत यासाठी बांधायच्या शिडीच्या खर्चिक आराखड्याआधी पायरीखाली मोठे दगड रचून लांब, सौम्य उतार करून बघावा, आणि त्या जागी जाळं लावायला बंदी हवीच.