खेड्यातल्या घरासाठी कन्सोल घ्यावा की हातातला गेमिंग पीसी?

प्रश्न: कपाशीवाला (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. यंदा कापसाचे चुकारे वेळेवर हातात आले, देणीघेणी उरकली आणि साठेक हजार रुपये घरात उरले. माझा मुलगा अकरावीत आणि मुलगी सातवीत आहे. एक चांगले पीक घरात आले की गेम खेळायचे यंत्र घेऊ, असा शब्द मी दोघांना दोन वर्षांपूर्वी दिला होता, आणि तो मला पाळायचा आहे. मी स्वतः पिवळी कॅसेट बसवायच्या टीव्ही गेमवर वाढलो. कॅसेट चालली नाही की तिच्या फटीत फुंकर मारून ती पुन्हा बसवायची, एवढेच तंत्रज्ञान आम्हाला ठाऊक होते आणि तेवढे पुरत असे. आता बाजारात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो आणि हातात धरून खेळायचे छोटे संगणक असे इतके प्रकार दिसतात की कोणता आपल्या घराला मानवेल, हेच समजत नाही.

घराची परिस्थिती स्पष्ट लिहितो, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. आमचे गाव मुख्य रस्त्यापासून ७ किलोमीटर आत आहे. दिवसातून दोन-तीनदा लाईन जाते, संध्याकाळी व्होल्टेज डिम होते, आणि पावसाळ्यात डीपी जळली तर दुसऱ्या दिवसापर्यंत अंधार असतो. घरात इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. फायबरची केबल गावात पोहोचलेली नाही. मोबाईलचा डेटा रात्री ८ ते १० एमबीपीएस मिळतो. टीव्हीची खोली टिनाच्या छताखाली आहे आणि उन्हाळ्यात तिथेच कूलर लावतो. मुलाकडे ८ जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉपही आहे. अशा घरात काय घ्यावे, आणि आत्ता घ्यावे की भाव उतरेपर्यंत थांबावे, हे जाणत्यांनी कृपया सांगावे.

उत्तर: कारागीर (हिंगणघाट)

भाऊ, मी पंधरा वर्षांपासून संगणक आणि कन्सोल, म्हणजे खेळ खेळायची प्लेस्टेशनसारखी यंत्रे, दुरुस्त करतो, म्हणून विजेचे आणि उन्हाचे तेवढे सांगतो. खेळांविषयी इतर मंडळी लिहितीलच.

प्लेस्टेशन ५ सोबतच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले असते, आणि स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीसाठी वॉल्व्ह कंपनीने ० ते ३५ अंशांची मर्यादा सांगितलेली आहे. आपल्याकडे टिनाखालच्या खोलीत मार्च संपायच्या आतच दुपारी पारा ३५ च्या वर जातो, आणि नवतप्यात बाहेरच ४५ अंश असतात. तेवढ्याने यंत्र लगेच जळत नाही. आधी आतला पंखा जोरात फिरतो, मग चिप स्वतःचा वेग कमी करते आणि तरीही उष्णता उतरली नाही तर यंत्र सूचना देऊन बंद होते. मात्र हे रोज घडू लागले की पंख्याचे बेअरिंग आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर लवकर थकतात. म्हणून एप्रिल ते जून सकाळी लवकर किंवा रात्रीच खेळायचे, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

कूलरच्या झोतात यंत्र कधीही ठेवू नका. मागच्या मे महिन्यात जिनिंगच्या मागच्या वस्तीतून एक कन्सोल माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. झाकण काढले तर हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये रुईचा तंतू इतका घट्ट बसलेला होता की चिमट्याने ओढल्यावर तो समईच्या वातीसारखा सलग बाहेर आला, आणि त्याच्या खालच्या धातूवर पांढरा खार चढलेला होता. कूलरमध्ये बोअरचे जड पाणी होते, आणि त्याचे बारीक तुषार महिनाभर आत ओढले जात होते. तुमच्याही घरात वेचणीच्या दिवसांत कापूस साठवला जात असेल, तर ही काळजी आवर्जून घ्या. प्लेस्टेशन ५ ची बाजूची पाती हाताने निघतात आणि आत धूळ साचण्यासाठी दोन छिद्रे मुद्दाम ठेवलेली आहेत; दर दोन महिन्यांनी व्हॅक्यूमची नळी तिथे लावावी.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच स्वच्छ वीज देणारा, आहे का, ते पाहून घ्या. त्याच्या मागे बहुधा एक बटण असते, ते यूपीएस मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेले की इन्व्हर्टर स्वतःहून बॅटरीवर येतो आणि बदल इतका झटपट होतो की यंत्र बंद पडत नाही. प्लेस्टेशन ५ मोठ्या खेळात २०० वॅटच्या आसपास वीज घेतो. टीव्ही धरून तुमची बॅटरी, ती नवी असेल आणि पंख्यांचा भार कमी असेल तर, तीन-चार तास ओढेल. कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न करता झोपवून, मात्र ठेवू नका, कारण त्या अवस्थेत वीज गेली तरी पुढच्या वेळी तो स्टोरेज तपासत बसतो.

या हिशोबाने माझे मत हातातल्या यंत्राच्या बाजूने आहे. स्टीम डेकची चिप ४ ते १५ वॅटवर चालते आणि ओएलईडी प्रकारात ५० वॅट-अवरची बॅटरी असते, म्हणजे लाईन गेली तरी खेळ थांबत नाही. फक्त स्टीम डेक आणि निन्टेन्डो स्विच २ ही यंत्रे कंपन्या भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. बाहेरून आणलेल्या यंत्राला इथे वॉरंटी मिळत नाही, हे मी गिऱ्हाइकांना आधीच सांगतो. असुसचा आरओजी ॲलाय जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आला आणि त्या मालिकेतली यंत्रे आपल्याकडे दुरुस्त होऊ शकतात.

उत्तर: परतवाड्याची (सध्या अमरावती)

काका, कारागीर दादांचे विजेविषयीचे म्हणणे मला पूर्ण पटते, पण तुमच्या घराची खरी अडचण नेट आहे, आणि त्यामुळे माझे उत्तर त्यांच्यापेक्षा वेगळे आहे.

‘रेड डेड रिडेम्पशन २’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या दोन्ही खेळांना संगणकावर १५० जीबी जागा लागते. १० एमबीपीएसचा वेग एक क्षणही न तुटता मिळाला, तरी तेवढा डेटा उतरायला ३३ तास लागतात. आणि रोज २ जीबीचा पॅक असेल तर तेवढ्यासाठी ७५ दिवस जातील, तेही घरातल्या कोणी दुसरे काहीच पाहिले नाही तर. हातातल्या कोणत्याही गेमिंग पीसीला डिस्क घालायची सोय नसते. सगळे उतरवूनच घ्यावे लागते, म्हणून ते यंत्र तुमच्या गावात बराच काळ रिकामेच राहील.

डिस्कचा प्लेस्टेशन ५ इथे उपयोगी पडतो. त्याच्या एका ब्लू-रे डिस्कवर १०० जीबीपर्यंत डेटा मावतो, आणि एकट्याने खेळायचे बरेच खेळ डिस्कवरून चढवले की नेटशिवाय चालतात. खेळून झालेली डिस्क मित्राला देता येते, विकता येते. मी आणि माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी तीनच डिस्क विकत घेतल्या, पण अदलाबदल करून नऊ खेळ खेळलो. ही मोकळीक डाउनलोड केलेल्या खेळाला नाही, आणि मला वाईट याचेच वाटते की सगळा उद्योग डिस्कपासून दूर चालला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये डिस्क ड्राइव्ह मुळातच दिलेला नाही, एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये तो २०२० पासूनच नाही. स्विच २ साठी तर ‘गेम-की कार्ड’ नावाची कार्डे निघाली आहेत, ज्यांच्यात खेळ नसतो, फक्त तो उतरवून घेण्याची परवानगी असते. ज्यांच्या घरी फायबर आहे, त्यांना हा बदल जाणवतही नसेल, पण मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या घरच्यांना तो रोज जाणवतो.

डिस्क घेतानाही एक गोष्ट तपासावी. २०२५ मधल्या ‘डूम: द डार्क एजेस’च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर १०० एमबीपेक्षाही कमी डेटा होता आणि उरलेला खेळ नेटवरूनच घ्यावा लागत होता. प्रत्येक डिस्क घेण्याआधी वेष्टनावर डाउनलोडची अट आहे का, ते वाचा आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा.

लॅपटॉपसाठी मात्र एक चांगला मार्ग आहे. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ बॅकअप म्हणून हार्ड डिस्कवर घेता येतो, आणि २०२३ पासून एकाच वायफायवरच्या दोन संगणकांमध्ये तो थेट पाठवताही येतो. गेल्या दिवाळीत मी इथल्या वसतिगृहाच्या नेटवर उतरवलेले खेळ हार्ड डिस्कवर भरले आणि तिची पिशवी एसटीत मांडीवर घेऊन परतवाड्याला गेले. घरच्या संगणकावर फक्त लहानसा अपडेट उतरवावा लागला.

पुन्हा प्रश्न: कपाशीवाला

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता दोन शंका उरतात. एक म्हणजे, वर्ष-दोन वर्षे थांबलो तर हे यंत्र स्वस्त होईल का? आमच्या लहानपणी टीव्ही गेम दरवर्षी स्वस्त होत असे. दुसरी शंका अशी की मुलगा म्हणतो, ‘बाबा, यंत्र घेऊच नका, आता क्लाउडवरच सगळे चालते.’ यात कितपत तथ्य आहे?

उत्तर: मेहकरचा (पुण्यात गेम स्टुडिओत नोकरी)

दादा, थांबल्याने फायदा होईल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी चिप दर काही वर्षांनी लहान होई आणि लहान झाली की स्वस्तही होई, म्हणून अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन २ पुढे २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला. आता चिप लहान करण्याचा खर्चच इतका वाढला आहे की ती लहान झाली तरी स्वस्त होत नाही. २०२० मध्ये ४९९ डॉलरला निघालेला डिस्कचा प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ५४९ डॉलरवर गेला, म्हणजे पाच वर्षे जुने यंत्र महाग झाले. एक्सबॉक्सचे भाव तर तिथे त्याच वर्षात दोनदा वाढले.

त्यात मेमरीची भर पडली आहे. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी इतकी आहे की कारखान्यांची क्षमता तिकडे वळते आहे. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी मेमरी असते, हातातल्या यंत्रांतही बहुधा तेवढी किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे हा भार सगळ्यांवर पडतो. साठ हजारांत नवा गेमिंग पीसी जुळवण्याचा विचार याच कारणाने मी आत्ता करणार नाही.

नव्या ग्राफिक्स कार्डांच्या (संगणकात चित्र काढणाऱ्या भागाच्या) जाहिरातीत दिसणाऱ्या आकड्यांविषयीही सांगतो, कारण मुलगा ते दाखवेल. एनव्हिडियाच्या जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ५० मालिकेत कार्ड प्रत्यक्ष काढलेल्या दोन चित्रांच्या मध्ये तीनपर्यंत चित्रे अंदाजाने तयार करून भरते. पडद्यावरची हालचाल त्यामुळे खरोखर गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. मूळ खेळच अडखळत असेल, तर हाताला तो जडच लागतो.

क्लाउडचे तंत्र खरे आहे; एक्सबॉक्सची सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरूही झाली. त्यात खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे फक्त चित्र येते. १० एमबीपीएसचा असा प्रवाह तासभर चालला तर साडेचार जीबी डेटा जातो. शिवाय मोबाईल नेटवर्कमध्ये वेगापेक्षा सातत्य कमी पडते, आणि उडी मारण्याच्या नेमक्या क्षणी चित्र गोठते. सेवा कधी बंद पडेल, हेही आपल्या हातात नसते. गूगलची स्टेडिया ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. फायबर येईपर्यंत क्लाउडवर विसंबू नका.

परतवाड्याच्या ताईंचा डिस्कचा सल्ला मलाही योग्य वाटतो. दोन मुले एकाच टीव्हीसमोर बसून खेळतील, हाही त्याचा एक लाभ आहे. हातातले यंत्र एकाच्याच हातात राहते. आणि मुलीसाठी जुन्या लॅपटॉपवर ‘स्टारड्यू व्हॅली’ चढवून द्या. एका माणसाने एकट्याने घडवलेला, २०१६ मध्ये आलेला हा शेतीचा खेळ आहे. त्याला फक्त ५०० एमबी जागा आणि २ जीबी रॅम लागते, म्हणजे तुमच्या नेटवर तो दहा मिनिटांत उतरेल. पेरणी, पाणी, हंगाम बदलला की वाळून जाणारे पीक हे सगळे त्यात आहे, आणि शेतकऱ्याच्या लेकीला त्यातले काय खरे वाटते, ते ऐकायला मला फार आवडेल.

कपाशीवाला

मुलीने काल रात्रीच तो खेळ उतरवून घेतला. पहिल्याच दिवशी तिने विचारले की यात फवारणी का नाही. यंत्राचेही ठरले: डिस्कचा प्लेस्टेशन ५ स्लिम, म्हणजे त्याच यंत्राचा आटोपशीर प्रकार, घेतो. एप्रिल २०२४ मध्ये तो आपल्याकडे ५४,९९० रुपयांना आला होता. आजचा भाव विचारून, पैसे उरले तर दुसरा कंट्रोलर घेईन. रविवारी यवतमाळला जातो आहे.

कारागीर

भाऊ, मग दुकानातून निघण्याआधी एवढे करा. स्लिमचा डिस्क ड्राइव्ह वेगळा निघणारा असतो आणि पहिल्यांदा तो यंत्राशी जुळवताना नेट लागतेच. दुकानाच्या वायफायवर ड्राइव्ह जुळवून घ्या, सिस्टीमचा अपडेट तिथेच उतरवा, एक डिस्क घालून खेळ सुरू होतो का ते स्वतः पाहा, आणि मगच यंत्र पुन्हा खोक्यात भरायला सांगा.