उचलेगिरी, वाङ्मयचौर्य की आणखी काही?

गलबत: हर्णैच्या मासळी लिलावावर प्रबंध आहे माझा. मराठी गोषवारा आणि प्रतिज्ञापत्र लिहितेय. 'प्लेजियरिझम'ला 'उचलेगिरी' लिहिलं, तर मार्गदर्शकांनी लाल गोल मारून शेजारी 'वाङ्मयचौर्य' लिहिलं. पण दुसऱ्याचा तक्ता किंवा नकाशा ढापला, तर त्यात वाङ्मय कुठून आलं?

जुनं खोड: सरांचं बरोबर आहे. उचलेगिरी जत्रेत होते. प्रबंधात भारदस्त शब्दच हवा.

तांडेलाचा नातू: आमच्या बंदरात उचल म्हणजे चोरी नव्हेच. खलाशी हंगामाआधी मालकाकडून उचल घेतो, ती वहीत त्याच्या नावे पडते, मग हिश्शातून वळती होते. आजोबांच्या वहीत प्रत्येक उचलीपुढे तारीख आणि खलाशाचा अंगठा आहे. ही तळटीपच की! वहीत न मांडता घेतली, तर ती चोरी.

जुनं खोड: उचल वेगळी, उचलेगिरी वेगळी. कोट्या नकोत.

पोथीवाला: संस्कृत कवी-पंडित राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसे'त 'हरण' शब्द वापरलाय. शब्दहरण वेगळं, अर्थहरण वेगळं. वाक्यं फिरवून मुद्दा तोच ठेवणाऱ्यांसाठी दुसरा शब्द तयारच आहे! आणि लॅटिन 'प्लेजियरियस' म्हणजे मुळात माणसं पळवणारा. पहिल्या शतकात मार्शल या रोमन कवीने तो कविता पळवणाऱ्याला लावला. म्हणजे 'हरण' चपखल. मात्र राजशेखर सरसकट चिडत नाही हं, 'नास्त्यचौरः कविजनः', म्हणजे चोर नसलेला कवीच नाही, असंही म्हणतो.

गलबत: 'तक्ताहरण' लिहू? सर घरी पाठवतील.

पोथीवाला: सीताहरण चालतं ना?

दहा टक्के: शब्द कुठलाही घ्या, साम्य तपासणारं सॉफ्टवेअर आकडा बघतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची त्यात मोजत नाहीत. माझ्या मित्राने अवतरणचिन्हं टाकायचा कंटाळा केला आणि सहा महिने तेच प्रकरण परत लिहीत बसला.

तांडेलाचा नातू: आणि स्वतःचाच जुना लेख परत छापला तर? आपणच मालक, आपणच खलाशी. उचल कोणाच्या नावे मांडायची?

जुनं खोड: फाटे फोडू नका.

गलबत: मंडळी, सोमवारी द्यायचंय. काय लिहू?

जुनं खोड: आधी तो 'गोषवारा' काढा. फारसी आहे. 'सारांश' लिहा.

तांडेलाचा नातू: आजोबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'गोषवारा'च आहे.