मदत हवी आहे: कार न नेता, कोकण रेल्वेने किनारा – नक्की कुठे उतरू?

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये पाच दिवस सुट्टी मिळतेय. मी आणि आई, आईचं वय 68, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. घाटात तिला गाडी लागते म्हणून कार नाही, रेल्वेच.

मागच्या वेळी मी येडीसारखी खिडकी पकडून समुद्र कधी येतो कधी येतो करत बसले, आणि दिसलं काय तर बोगदे, खाड्या आणि परत बोगदे, करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा, संपेचना, काचेत फक्त माझंच तोंड! तेव्हा कळलं की रूळ बऱ्यापैकी आतून जातात, कुडाळला उतरलं तरी मालवण अजून तीसेक किलोमीटर. त्यामुळे आता स्टेशन धरून प्लॅन करतेय.

रत्नागिरीत दोन रात्री. थिबा पॅलेस बघायचाच आहे, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये देशाबाहेर काढलं, 1910 ला हा राजवाडा झाला आणि 1916 ला बिचारा तिथेच गेला, आईला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. टिळकांचं जन्मस्थान आहेच. पण माझा खरा जीव अडकलाय कातळशिल्पांत. उक्षीला जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, हत्ती कोरलाय आणि उक्षी नावाचं स्टेशनही आहे, म्हणून विचारते, तिथे पॅसेंजरने उतरून चालत जाता येतं का, की रत्नागिरीहून रिक्षा ठरवलेली बरी? सड्यावर सावली नसते म्हणतात, आईला किती चालावं लागेल?

मग रेल्वेने कुडाळ, तिथून मालवणला दोन रात्री, सिंधुदुर्ग. 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला तो. होडीत चढता-उतरताना गुडघेवाल्यांचे कितपत हाल होतात? ओहोटीला पाण्यात पाय घालावा लागतो का? हे कोणी आईवडिलांना घेऊन गेलेल्याने सांगा प्लीज, ट्रेकवाल्यांचं "अहो सोप्पंय" नको 😄

विजयदुर्ग मनात आहे, पण स्टेशनपासून लांब पडतो, पाच दिवसांत कोंबू की सोडू? आणि कुडाळ स्टेशनवरून मालवणला एसटी बरी की रिक्षा? तिकिटं या आठवड्यात काढायचीत, त्यामुळे जरा लवकर सांगा.