मदत हवी आहे : जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी का?

नमस्कार. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलोचे उत्पादन 2022 मध्ये थांबले, त्यामुळे आता ही गाडी जुन्या बाजारातूनच घ्यावी लागते. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत : 1.2 लिटर टर्बो इंजिन व सात गतींचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स असलेले आधीचे मॉडेल, किंवा 2020 नंतरचे 1.0 लिटर इंजिन व सहा गतींचा टॉर्क कन्व्हर्टर (पारंपरिक स्वयंचलित) गिअरबॉक्स असलेले मॉडेल. मन पहिल्याकडे ओढते, हे मान्य करतो.

परंतु त्या डीएसजीमध्ये कोरडे (तेलात न बुडालेले) दुहेरी क्लच असतात आणि पुण्यातील रोजच्या कोंडीत, गाडी इंचाइंचाने पुढे सरकवताना, ते तापून लवकर झिजतात. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा भाग) बिघडल्यास मोठा खर्च येतो, तो वेगळाच. खरेदीपूर्वी क्लचची उरलेली जाडी संगणकीय तपासणीत विश्वासार्हपणे कळते का? थेट इंधन फवारणीमुळे इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन कोणी साफ करून घेतला आहे का, आणि किती खर्च आला?

पुणे-पिंपरी परिसरात डीएसजीचे काम खरोखर जाणणारे स्वतंत्र गॅरेज माहीत असल्यास कृपया कळवावे.